गोळी घेतलीस का?

गुंडी दोन वर्षांची असताना तिनं शर्टाची गुंडी गिळली होती. तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं. ताई तेव्हा तेरा वर्षांची होती. आई कामावर जायची, त्यामुळे गिळलेली गुंडी बाहेर पडते की नाही यावर नजर ठेवायचं काम ताईकडे आलं. तिसऱ्या दिवशी पडली. चार भोकांची, पांढरी, जशी गेली तशी आली. ताईनं ती धुऊन आईला दाखवली आणि आईनं त्याच शर्टाला परत लावून टाकली. हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता की गुंडीला वाटायचं, आपल्याला तो आठवतोच आहे.

नजर ठेवायचं काम पुढेही ताईकडेच राहिलं. वडील आधीच गेलेले. गुंडीला अकराव्या वर्षी, वर्गात, फळ्यासमोर उभी असताना पहिली आकडी आली, तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली ती ताईच. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. सकाळी एक, रात्री एक, एकही चुकवायची नाही. त्या दिवसापासून ‘गोळी घेतलीस का?’ हे वाक्य ताईच्या तोंडात असं बसलं की कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी तेच बाहेर पडायचं. गुंडी कधी नुसती मान हलवायची, कधी म्हणायची, “घेतली. तुझ्या वाटची पण घेतली.”

एकदाच तिनं फसवलं होतं. सोळाव्या वर्षी गोळ्यांनी तिच्या हिरड्या सुजल्या आणि वर्गातल्या मुली तिच्या हसण्याची नक्कल करायला लागल्या. मग वीस दिवस तिनं एकही गोळी घेतली नाही. एका दिवसात तीन आकड्या आल्या तेव्हा ताईनं घर उलटंपालटं केलं आणि पडद्याच्या खालच्या दुमडीत तिला गोळ्यांची ओळ सापडली, शिवून टाकल्यासारखी. ताईनं तिला मारलं, मग तिच्याच शेजारी बसून रडली. गुंडीनं शब्द दिला आणि पाळला. नऊ वर्षं आकडी फिरकली नाही. मधे आई गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणी राहिल्या. ताईच्या लग्नाचा विषय निघायचा तोही हळूहळू थांबला.

ताई शर्टांच्या कारखान्यात चेकिंगला होती. लांब टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, डावीकडून शर्ट यायचा, उजवीकडे जायचा. कॉलरची टोकं जुळतात का, काजाचा धागा सुटलाय का, खिसा तिरका बसलाय का, एवढं बघायला तिला पाऊण मिनिट पुरायचं. चूक दिसली की लाल बाणाचं स्टिकर. एका गठ्ठ्यात तीन शर्टांना बाण लागले तर अख्खा गठ्ठा माघारी जायचा, आणि सुपरवायझर कितीही धुसफुसला तरी ताईशी वाद घालायच्या भानगडीत पडत नसे. तिच्याहून वयानं मोठ्या बायकाही तिला ताईच म्हणायच्या.

गुंडी चष्म्याच्या दुकानात होती. काच चाकावर घासून आकारात आणायची, गरम वाळूच्या भांड्यात फ्रेम मऊ करायची आणि काच आत बसवायची. दुकानाचे मालक, सगळ्यांचे काका, म्हणायचे की हिनं बसवलेली काच पडली असं एकही गिऱ्हाईक अजून परत आलेलं नाही. हात इतका हलका की फ्रेमलाही कळत नाही.

बदल झाला तो फार साधा. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ताई दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर गेली. कंपाउंडरनं भल्यामोठ्या डब्यातून गोळ्या ताटलीत ओतल्या, पट्टीनं दोन-दोन सरकवत साठ मोजल्या आणि कागदी पाकिटात भरल्या. नेहमीची गोळी पांढरी, मधोमध रेघ असलेली. ही जरा पिवळसर होती, गुळगुळीत, रेघ नसलेली.

“गोळी बदलली का हो?”

“नाव तेच, कंपनी वेगळी,” कंपाउंडर म्हणाला. त्याच्या खिशाला कायम दोन पेनं असत आणि दोन्ही चालत नसत. तो तिसरंच शोधत होता.

“आणि गुण?”

“गुण तोच. वरून आली म्हणजे तपासूनच आली ना. मी फक्त मोजतो.”

ताईनं पाकीट पर्समध्ये टाकलं. मागे रांग दारापर्यंत गेली होती.

तीन आठवड्यांनी, दुपारी चारच्या सुमाराला, काकांचा कारखान्यात फोन आला. गुंडी काम करता करता कोसळली होती आणि पडताना तिचा उजवा हात गरम वाळूत गेला होता. ताई पोचली तेव्हा तिला बाकावर निजवलं होतं, तळव्याला ओलं फडकं बांधलेलं. दुकानात एक बाई नंबर काढायला आलेली, ती अजून भिंतीला चिकटून उभी होती.

“ताई, मी गोळी घेतली होती,” गुंडी म्हणाली. शुद्धीवर आल्यावरचं तिचं हे पहिलं वाक्य.

मंगळवारी डॉक्टरांनीही पहिलं तेच विचारलं. डॉक्टर तरुण होते आणि वाईट नव्हते, पण बाहेर शंभर माणसं होती आणि आत पंखा बंद होता.

“गोळ्या चुकवल्या?”

“नाही,” गुंडी म्हणाली.

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. “आधी कधी चुकवल्यात?”

ताईनं पडद्याच्या दुमडीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांना खरं सांगावं, एवढाच तिचा विचार होता. गुंडीनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. औषध रक्तात किती उतरलंय हे त्यात कळतं. आठवड्यानं कागद आला, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ताईकडे तोंड करून फिरवला आणि एका आकड्याखाली रेघ मारली.

“दहाच्या वर पाहिजे. इथं दोन आहे. गोळी पोटात गेली असती तर रक्तात दिसली असती.” मग ते गुंडीला म्हणाले, आवाज चढवला नाही, “हे बघ, सगळेच पेशंट म्हणतात घेतली. पण रक्त खोटं बोलत नाही.”

घरी आल्यावर ताई म्हणाली, “आता खरं सांग. मी रागावणार नाही.”

“खरंच सांगतेय.”

“मग रक्तात का नाही?”

“मला काय माहीत ताई? मी चष्म्याच्या दुकानात काम करते.”

तेही काम राहिलं नाही. काका स्वतः घरी आले, दोन पायऱ्या खालीच उभे राहून बोलले. हात बरा झाला तरी चाकाजवळ तिला बसवायची त्यांची छाती होत नव्हती. गिऱ्हाईकही घाबरतं. बोलताना ते सारखा स्वतःचा चष्मा काढून पुसत होते. तिचा पगार आणि वर थोडं असं पाकीट त्यांनी ताईच्या हातात दिलं, गुंडीच्या नाही.

त्या दिवसापासून ताईनं तिला डोळ्यांसमोर गोळी घ्यायला लावली. सकाळी कारखान्याला निघायच्या आधी आणि रात्री जेवणानंतर. गोळी, पाणी, मग, “तोंड उघड.” गुंडी तोंड उघडायची. “जीभ वर कर.” ती जीभ वर करायची. ताई गालाच्या आत बोट फिरवून बघायची, जशी शर्टाच्या बाहीत हात घालून शिवण बघते तशी. मग दहा मिनिटं समोर बसवून ठेवायची. पंचवीस वर्षांची मुलगी शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून बसायची आणि घड्याळ बघायची.

दुसरी आकडी त्याच आठवड्यात आली, सकाळच्या गोळीनंतर तासाभरात, ताईच्या समोर. डॉक्टरांनी डोस वाढवला. दोनच्या तीन झाल्या, त्याच पिवळसर गोळ्या. तिसरी आकडी आली.

आता ताईला वाटायला लागलं की ही न्हाणीघरात जाऊन ओकून टाकत असणार. दुसरा कुठला अर्थ तिला लागेना. एका रविवारी तिनं पेचकस घेतला आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली.

“डॉक्टरच म्हणाले होते मागे,” ती म्हणाली, “आकडीच्या माणसानं कडी लावू नये.”

“ते चौदा वर्षांपूर्वी म्हणाले होते. तेव्हा नाही काढलीस,” गुंडी म्हणाली.

गुंडी न्हाणीघरात गेली की ताई बाहेर स्टुलावर बसायची आणि कान देऊन ऐकायची. आतून पाण्याचा आवाज यायचा. एकदा आतूनच गुंडी म्हणाली, “ताई, खोकू का? की त्याचंही तुला काही वाटेल?” त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं. विचारलं तेवढ्याला उत्तर. एका संध्याकाळी ताई तिच्या तोंडात बघत असताना तिनं हातानं ताईचं मनगट बाजूला केलं आणि म्हणाली, “रोज दोनदा तोंडात बघतेस. एकदा माझ्याकडे बघ ना.”

ताईनं तेही तिच्या आजाराच्या खाती टाकलं.

महिन्याभरानं एका सकाळी ताई निघायच्या गडबडीत असताना गुंडीनं खिडकीत दोन ग्लास मांडले. दोन्हींत अर्धं अर्धं पाणी. जुन्या पर्सच्या अस्तरात तिला एक जुनी, रेघेची पांढरी गोळी सापडली होती. ती एका ग्लासात टाकली. दुसऱ्यात सकाळचीच एक पिवळसर. “थांब दहा मिनिटं,” ती म्हणाली. “मी रोज थांबते, आज तू थांब.”

ताई पर्स खांद्याला लावून उभी राहिली. पांढरी गोळी आधी कडेनं फुलली, मग तिचे तुकडे पडले, आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला तळाशी नुसता गाळ राहिला. पिवळसर गोळी बुडाला गेली होती आणि तिथं होती. दहा मिनिटं झाली. ताईनं चमच्यानं हलवली. ग्लासाच्या काचेवर टक्कन आवाज आला.

“राहू दे तशीच,” ताई म्हणाली आणि कामावर गेली. त्या दिवशी तिच्या हातून दोन शर्ट तिरक्या खिशाचे निसटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुपरवायझरनं तिला माघारी बोलावलं. संध्याकाळी आली तेव्हा चपलाही न काढता ती थेट खिडकीशी गेली. गोळी जशीच्या तशी होती. तिनं ती बोटांत धरून दाबली. नखाला लागली, फुटली नाही.

“इतके दिवस हेच गिळतेय मी,” गुंडी म्हणाली. “लहानपणीच्या गुंडीसारखं. तशीच बाहेर पडत असेल.” आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ताईनं तिला जवळ घेतलं. ताईला माफी मागायची होती. तिनं पेचकस शोधला आणि स्टुलावर चढून न्हाणीघराची कडी परत बसवून दिली. चारही स्क्रू घट्ट आवळले. गुंडी दाराशी उभी राहून बघत होती. रात्री जेवताना तिनं ताईच्या ताटात आपणहून वाढलं.

मंगळवारी ताई ग्लासासकट दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी ग्लास हातात घेतला, उजेडात धरला, खाली ठेवला.

“गेल्या तीन महिन्यांत माझे किती पेशंट बिघडलेत,” ते म्हणाले, ताईला नव्हे, स्वतःशीच. मग चिठ्ठीवर एका नामांकित कंपनीचं नाव लिहून दिलं. “ही बाहेरून घ्या. इथली बंद.”

“आणि बाकीचे पेशंट?”

“मी लिहून कळवतो वर.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “मागेही कळवलं होतं, दुसऱ्या औषधाबद्दल. तुम्हीही तक्रार करा. पेशंटची तक्रार असली तर बरं पडतं.”

ताईनं अर्धा दिवस रजा टाकली आणि औषध तपासणीच्या कार्यालयात गेली. जिना चढून वर, लांब बोळ, शेवटची खोली. तिथल्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

“यावर बॅच नंबर कुठंय?”

“खिडकीवर असंच देतात. डब्यातून मोजून.”

“मग ही गोळी कोणाची, कधीची, हे आम्ही कसं धरायचं? तुम्ही उद्या कुठलीही गोळी आणून द्याल.”

“मी कशाला कुठलीही आणीन?”

“तुम्ही नाही हो. नियमाचं सांगतोय.”

ती तशीच कंपाउंडरकडे गेली. खिडकी बंद व्हायच्या वेळेपर्यंत थांबली आणि त्याला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला की माझ्या नोकरीवर येईल. मग आत गेला, आणि ताईला वाटलं आता येतच नाही. तो आला तो कागदाच्या चिठोऱ्यावर डब्यावरचा नंबर लिहून घेऊनच. “मी दिला नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला कुठं सापडला ते तुमचं तुम्ही बघा.” जरा थांबून त्यानं विचारलं, “पोरगी कशी आहे?”

तक्रार घेतली गेली. साहेबांनी पोचपावतीवर शिक्का मारला आणि सांगितलं की दवाखान्यातून रीतसर नमुना उचलू, प्रयोगशाळेला धाडू, ती दुसऱ्या शहरात आहे, चार-पाच महिने धरून चाला.

“तोवर त्या गोळ्या द्यायच्या थांबतील?”

“रिपोर्ट आल्याशिवाय कसं थांबवणार?”

बाहेरच्या गोळ्या चंदेरी पट्टीत यायच्या. महाग होत्या. ताई रोज दोन तास जादा थांबायला लागली. पहिल्या आठवड्यात एक बारीकशी आकडी आली, मग थांबलं. दोन महिने चांगले गेले. गुंडीचा तळवा भरून आला, कातडी गुळगुळीत आणि गुलाबी, बोटं पूर्ण मिटायची नाहीत. तरी ती घरी बसून ताईच्या कारखान्यातले काज करायचं काम घ्यायला लागली आणि म्हणायची, “काच नाही तर काज. एकाच अक्षराचा तर फरक.” काकांकडे एकदा जाऊन आली. त्यांनी चहा पाजला. कामाचं काही बोलले नाहीत, पण ‘ये अधूनमधून’ म्हणाले. ताई कामावरून आली की विचारायची, “आज काय केलंस?” गोळीचं विचारत नव्हती. जिभेवर यायचं, ती गिळून टाकायची. गुंडीला ते कळायचं आणि ती मुद्दाम गोळ्यांची पट्टी दिसेल अशी ठेवायची, रिकाम्या झालेल्या खोबणीसकट.

तिसऱ्या महिन्याच्या पट्ट्या ताईनं औषधाच्या त्याच दुकानातून घेतल्या. तोच खोका, तेच नाव, तसाच चंदेरी रंग. दुकानदारानं मागच्या वेळेपेक्षा थोडी सूटही दिली.

तो रविवार होता, सकाळचे दहा. ताई कपडे इस्त्री करत होती. गुंडी नहायला गेली, आत जाताना टॉवेल विसरली आणि ताईनं तो दारावरून आत टाकला. पाण्याचा आवाज येत होता. ताईनं एक चादर केली, दोन झगे केले, स्वतःची कामाची साडी केली. पाण्याचा आवाज तसाच येत होता, पण मधे तांब्याचा आवाज यायला हवा होता तो येत नव्हता. ताईनं हाक मारली. मग दार ढकललं. मग परत ढकललं.

शेजारच्या मामांनी आणि त्यांच्या मुलीनं मिळून दार तोडलं. कडी मात्र शेवटपर्यंत निघाली नाही; बिजागऱ्या निघाल्या. गुंडी बादलीवर तोंडघशी पडलेली होती. बादली भरून वाहत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते ताईला सांगता आलं नसतं. लोक आले, गेले. काका आले आणि या वेळी वरपर्यंत चढून आले. डॉक्टरांनी निरोप पाठवला. आकडीच्या माणसानं आतून कडी लावायला नको होती, असं कुणीतरी चांगल्या मनानंच म्हणालं, आणि ताईनं मान हलवली.

पंधराव्या दिवशी तिनं एक ग्लास घेतला आणि चंदेरी पट्टीतली उरलेली एक गोळी पाण्यात टाकली. तीन मिनिटांत ती फुलली, फुटली आणि तळाला बसली. अगदी जशी विरघळायला हवी तशी. ताईनं दुसरी टाकली. तीही तशीच. शर्टाची शिवण डोळ्यांना दिसते. या पाण्यात औषध आहे की नुसता खडू, हे बघायला तिच्याकडे काही नव्हतं.

उरलेली पट्टी घेऊन ती पुन्हा त्या लांब बोळातल्या शेवटच्या खोलीत गेली. या वेळी बॅच नंबर होता. साहेबांनी बहिणीचं काय झालं ते ऐकलं तेव्हा ते उभे राहिले, आणि ताईसाठी पाणी मागवलं. तक्रार त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतली.

दोन्ही उत्तरं पाच महिन्यांनी एकाच लिफाफ्यात आली. दवाखान्याच्या गोळीबद्दल लिहिलं होतं की त्यात औषधाचं प्रमाण नियमाप्रमाणे भरलं, सबब नमुना प्रमाणित. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: गोळी विरघळण्याची चाचणी यंत्र नादुरुस्त असल्यामुळे करता आली नाही. चंदेरी पट्टीबद्दल कंपनीचं पत्र जोडलं होतं. त्या क्रमांकाची बॅच आम्ही कधी बनवलेलीच नाही, तेव्हा तिची जबाबदारी आमच्याकडे येत नाही. पट्टीतल्या गोळ्यांत काय होतं याबद्दल काहीच नव्हतं. ताई त्या औषधाच्या दुकानात गेली. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

तिनं तो लिफाफा डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मंगळवारी सकाळी ती दवाखान्यात गेली, तर डॉक्टरांची बदली झालेली होती आणि नवीन डॉक्टर यायचे होते. औषधाच्या खिडकीवर रांग होती. ताटलीत पिवळसर गोळ्या पट्टीनं दोन-दोन सरकत होत्या. कंपाउंडरनं मान वर केली, तिला ओळखलं, आणि परत मोजायला लागला. मधेच त्याचा आकडा चुकला असावा, कारण त्यानं सगळ्या गोळ्या एकत्र करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाकावर ताईच्या शेजारी एक जोडपं होतं. नवरा वाहनचालकाच्या खाकी कपड्यांत होता. बायकोच्या कपाळावर टाके होते, अजून ताजे.

“आकडी येते?” ताईनं विचारलं.

“येते म्हणजे,” नवराच म्हणाला, “चार वर्षं बंद होती. आता परत. गोळ्या घेत नाही ही. रक्तात निघालं. मधे तात्पुरते आलेल्या डॉक्टरांनी कागदच दाखवला.” तो रागानं बोलत नव्हता. थकला होता. “आता मी स्वतः भरवतो. काय करणार?”

बायको फरशीकडे बघत होती.

“घेत असतील त्या,” ताई म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत?”

ताईनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, गोळी, ग्लास, रक्ताचा कागद. लिफाफा काढून दाखवला. नवऱ्यानं तो घेतला, सभ्यपणे वाचला, ‘प्रमाणित’ या शब्दावर बोट ठेवलं आणि ताईकडे बघितलं.

“यात तर गोळी चांगली आहे लिहिलंय.”

“हो,” ताई म्हणाली. “तसंच लिहिलंय.”

त्याचा नंबर पुकारला गेला. लिफाफा परत देऊन तो खिडकीकडे गेला. बायको बाकावरच थांबली. त्याची पाठ वळल्यावर तिनं पहिल्यांदा मान वर केली.

“मग तुमच्या बहिणीला बाहेरच्या गोळ्यांनी फरक पडला?”

ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं. वय गुंडीएवढंच असेल, फार तर वर्षभर जास्त. टाके घाईनं घातले होते, एक वेडावाकडा बसला होता.

“दोन महिने चांगले गेले,” ताई म्हणाली.

“दोन महिने,” ती म्हणाली, आणि मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारखी मान हलवली.

नवरा पाकीट घेऊन आला. दोघं उठले. कारखान्याची वेळ होत आली होती, म्हणून ताईही उठली.